पोषण आहार शिजविणाऱ्या हातांचे मानधन : स्थळपरत्वे भेद आणि त्याची कारणे

प्राथमिक शाळेतील मध्यान्ह आहार ही आता गावोगावी रुळलेली व्यवस्था आहे. तांदूळ किती आला, डाळ किती उरली, किती मुले जेवली, याची नोंद शिक्षक रोज करतात आणि आहाराची चव घेऊन चव नोंदवहीत सहीही करतात. परंतु हा आहार जी शिजविते, तिला त्या श्रमाबद्दल काय मिळते, ते तितकेच का मिळते आणि दुसऱ्या राज्यातील तिच्यासारखीच बाई त्याच कामाबद्दल निराळी रक्कम का घेते, या प्रश्नांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः हा प्रश्न शाळेच्या भिंतीआडचा नाही. वेतन म्हणजे काय, ते ठिकाणानुसार का बदलते आणि किती बदलणे योग्य, हे समजून घेण्यासाठी शाळेच्या स्वयंपाकघराइतके जवळचे उदाहरण शिक्षकास दुसरे मिळणार नाही.

कामाचे स्वरूप

पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य द्यावे, असे या योजनेचे प्रमाण आहे. त्यातून लहान मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर मोठ्यास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. साठ मुलांची चौथीपर्यंतची शाळा घेतली, तरी रोज सहा किलो तांदूळ निवडणे, धुणे, शिजविणे, सोबत डाळ अथवा कडधान्य आणि भाजी करणे, साठ ताटे वाढणे आणि अखेरीस मोठी पातेली घासून ठेवणे, एवढे काम होते. सकाळी पाणी भरण्यापासून भांडी पालथी घालेपर्यंत चार-पाच तास सहज जातात. हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. देशभरात त्यांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात आहे.

योजनेचा आरंभ १५ ऑगस्ट १९९५ रोजी झाला. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच मुलांना द्यावे असा आदेश दिला, आणि शाळेत चूल पेटली. २० एप्रिल २००४ च्या आदेशात, स्वयंपाकी व मदतनीस नेमताना अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना अग्रक्रम द्यावा, असेही त्याच न्यायालयाने सांगितले. या अग्रक्रमाचा हेतू केवळ रोजगार देणे हा नव्हता. सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीस बसून तिच्या हातचे जेवावे, हा शिक्षणाचाच एक भाग त्यात अभिप्रेत होता.

रक्कम कोठे किती

केंद्र शासनाने १ डिसेंबर २००९ पासून स्वयंपाकी-तथा-मदतनीस यांस दरमहा १००० रुपये मानधन ठरविले. ते वर्षातून दहा महिने द्यावयाचे असते. बहुतेक राज्यांत या हजारापैकी ६०० रुपये केंद्राचे व ४०० रुपये राज्याचे असतात. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांत केंद्राचा वाटा नव्वद टक्के आहे. हजार रुपये ही किमान रक्कम होय. तिच्यावर आपल्या तिजोरीतून भर घालण्यास राज्ये मोकळी आहेत. २०२१ साली योजनेस 'पीएम पोषण' हे नाव मिळाले, तथापि २००९ चा हा मूळ आकडा २०२४-२५ पर्यंत तसाच राहिला होता. म्हणजे जो भेद पडला, तो राज्यांनी घातलेल्या भरीमुळे पडला.

महाराष्ट्रात १००० रुपयांचे २०१९ मध्ये १५०० आणि २०२३ मध्ये २५०० रुपये झाले. उत्तर प्रदेशात २०२२ पासून २००० रुपये झाले, तर २०२३ मध्ये हरियाणात ७००० रुपये झाले. बिहारमध्ये दीर्घकाळ १६५० रुपये होते. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे ते दुप्पट, म्हणजे ३३०० रुपये करण्याचे जाहीर झाले. केरळात मासिक रक्कम न देता दिवसाची मजुरी देण्याची पद्धत पडली. ती मुलांच्या संख्येनुसार ६०० ते ६७५ रुपयांपर्यंत गेली, म्हणजे महिन्यास वीस दिवस धरले तर १२,००० ते १३,५०० रुपये. तामिळनाडूत १९८२ साली मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक आहार योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली, तेव्हा संघटक, स्वयंपाकी व स्वयंपाक सहायक अशी पदेच निर्माण केली. पुढे त्या पदांना विशेष वेतनश्रेणी, वार्षिक वाढ आणि महागाई भत्ता लागू झाला. गोव्यात हे काम मुख्यत्वे महिलांच्या स्वयंसहायता गटांकडे सोपविण्यात आले. तेथे गटास दर ताटामागे रक्कम मिळते, म्हणून ताटांची संख्या घटली की मिळकतही घटते.

ठिकाणानुसार वेतन का बदलावे

एकाच कामास दोन ठिकाणी निराळे वेतन असणे हे स्वभावतःच अन्यायाचे आहे, असे मात्र समजू नये. मुंबईत खोलीचे भाडे जितके पडते, तितक्यात तालुक्याच्या गावी संपूर्ण घर मिळते. खर्च निराळा, म्हणून वेतनात काही फरक असणे योग्यच ठरते.

हा फरक कसा राखावा, याचा नमुना शिक्षकांच्या स्वतःच्या वेतनपत्रकात आहे. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे मूळ वेतनाच्या २४, १६ व ८ टक्के असा प्रारंभी ठरविण्यात आला. महानगरातील आणि खेड्यातील समान श्रेणीच्या शिक्षकांचे मूळ वेतन एकच राहते. महागाई भत्त्याचे प्रमाणही एकच राहते. स्थळाचा फरक केवळ भत्त्यापुरता मर्यादित असतो. मूळ वेतन कामाचे आणि भत्ता ठिकाणाचा, असे हे तत्त्व आहे.

मजुरांच्या बाबतीत हेच तत्त्व निराळ्या वाटेने आले. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळे दर ठरविण्याची मुभा दिली. परंतु दर कोठेही ठरवावयाचा असो, तो कशावरून ठरवावा, याचे उत्तर १९५७ साली नवी दिल्ली येथे भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने दिले. कमावता मनुष्य, त्याचा जोडीदार व दोन मुले यांचे मिळून तीन प्रौढ घटक धरावेत. दर घटकास दिवसाला २७०० उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, राहण्यास जागा, आणि जळण, दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा, एवढे भागेल असे किमान वेतन असावे, असे परिषदेने ठरविले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, वार्धक्य, विवाह इत्यादींसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घालण्यास सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली, तरी वेतनाचा पाया कुटुंबाची गरज हा असावा, ही कल्पना कायम आहे.

सारांश, वेतन प्रथम गरजेवरून ठरते, मग ठिकाणाप्रमाणे थोडे वरखाली होते. आता स्वयंपाकिणीच्या मानधनातील भेद याच प्रकारचा आहे की काय, हे हिशेबाने पाहावे.

हिशेब काय सांगतो

ठिकाणानुसार साध्या मजुरीत किती अंतर पडते, याचे माप म्हणून रोजगार हमीचा दर घेता येतो. या कल्पनेचा उगम महाराष्ट्रातच झाला. १९७७ साली येथे त्याचा कायदा झाला आणि २००५ साली तो देशाने स्वीकारला. देशव्यापी योजनेत केंद्र शासन राज्यवार दर जाहीर करीत असे. २०२४-२५ साली तो हरियाणात ३७४, केरळात ३४६, महाराष्ट्रात २९७, बिहारमध्ये २४५ आणि उत्तर प्रदेशात २३७ रुपये होता.

हरियाणा व उत्तर प्रदेश यांची तुलना प्रथम करू. कित्येक कोस यमुना नदी हीच या दोन राज्यांची सीमा आहे. दोन्ही काठांवर गहू व ऊस पिकतो, आणि बाजारभावही फारसे निराळे नाहीत. रोजगार हमीचा दर हरियाणात उत्तर प्रदेशाच्या सुमारे १.६ पट होता. परंतु शाळेतील स्वयंपाकिणीचे मानधन, ७००० व २००० या आकड्यांवरून, ३.५ पट होते. तीच गोष्ट केरळ व महाराष्ट्राची. रोजगार हमीचा दर केरळात १.२ पटीहूनही कमी, पण स्वयंपाकिणीची मिळकत, १२,००० व २५०० धरता, ४.८ पट. ठिकाणाने जेवढा फरक पडावयास हवा, त्याच्या कितीतरी अधिक फरक येथे पडलेला आहे. म्हणजे स्थळ हे याचे पूर्ण कारण नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, केरळात प्रत्यक्षातील मजुरीच फार चढी आहे. हे खरे आहे. २०२२-२३ साली ग्रामीण भागात पुरुष शेतमजुराची सरासरी मजुरी केरळात ७६४ रुपये, तर मध्य प्रदेशात २२९ रुपये होती. तथापि तेथे चढ्या मजुरीच्या मानाने स्वयंपाकिणीचाही दर चढविला गेला, हे ध्यानात घ्यावयाचे. तेथे तिचे काम मजुरीच्या तराजूत तोलले गेले. इतरत्र ते तोलले गेलेच नाही.

महाराष्ट्राचा हिशेब असा. दरमहा २५०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचे २५,००० रुपये झाले. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस शाळा भरावी लागते. तेव्हा एका दिवसास १२५ रुपये पडले. २०२४-२५ च्या रोजगार हमीच्या २९७ रुपये दराने हेच २५,००० रुपये सुमारे ८४ दिवसांत मिळाले असते. काम अर्ध्या दिवसाचे आहे असे मानले, तरी २९७ चे निम्मे १४८ रुपये ५० पैसे होतात. १२५ रुपये त्याहूनही कमीच. २००९ च्या मूळ हजार रुपयांचा हिशेब केला, तर दिवसास अवघे ५० रुपये येतात.

हिशेबाची दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. केंद्राच्या निकषाप्रमाणे २५ मुलांपर्यंत एक, १०० मुलांपर्यंत दोन आणि पुढे दर शंभरास एक अशा स्वयंपाकिणी असाव्यात. केरळात मात्र ५०० मुलांपर्यंत एकच नेमण्याची पद्धत आहे. केंद्राचा निकष आणि महाराष्ट्राचा २०२३ चा दर धरल्यास ५०० मुलांच्या शाळेत सहा जणींवर वर्षाला १,५०,००० रुपये खर्च होतील. केरळात ६७५ रुपये रोजाने एकीवर १,३५,००० रुपये होतील. म्हणजे मोठ्या शाळेत केरळचा खर्च उलट कमीच. तेथील बाईस मजुरी पुरी मिळते, पण भार सहा जणींचा येतो. पदरचे पैसे देऊन मदतीस बाई घ्यावी लागते, ही तेथील स्वयंपाकिणींची जुनी तक्रार आहे. याउलट साठ मुलांच्या शाळेत महाराष्ट्रात दोघींवर ५०,००० रुपये आणि केरळात एकीवर १,२०,००० रुपये पडतील. यास्तव दोन ठिकाणांच्या वेतनाची तुलना करताना केवळ महिन्याचा आकडा पाहू नये. किती मुलांमागे किती हात, किती तास, किती महिने, हेही पाहावे. लहान शाळा बहुसंख्य असलेल्या आपल्या जिल्ह्यांत ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

मानधन आणि वेतन

मग एवढ्या मोठ्या भेदाचे मूळ कशात आहे? ते 'मानधन' या शब्दात आहे. व्याख्यात्यास, परीक्षकास किंवा स्पर्धेच्या पंचास जे देतात ते मानधन. त्याचा उदरनिर्वाह अन्य उत्पन्नावर चालतो आणि तो हौसेने अथवा सेवाभावाने काही वेळ देतो, हे त्यात गृहीत असते. म्हणून मानधनाचा गरजेशी संबंध नसतो. ते देणाऱ्याच्या इच्छेवर व ऐपतीवर अवलंबून असते. वेतनाचे तसे नाही. ते घेणाऱ्याचा हक्क असते आणि त्याखाली जाऊ नये अशी रेषा कायद्याने आखलेली असते.

शाळेत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीस योजनेने स्वयंसेविका मानले आणि तिच्या मोबदल्यास मानधन म्हटले. त्याबरोबर किमान वेतनाची रेषा तिच्या कामाखालून निघून गेली. जेथे राज्याची तिजोरी भरलेली, जेथे योजना जुनी, जेथे या स्त्रियांच्या संघटना बळकट, तेथे रक्कम वाढली. अन्यत्र ती होती तेथेच राहिली. तामिळनाडूत पद निर्माण झाले म्हणून श्रेणी आली, श्रेणी आली म्हणून महागाई भत्ता आला. केरळात रोज ठरला म्हणून तो मजुरीबरोबर चढला. नाव बदलले तेथे रक्कम बदलली, असाच याचा अर्थ होतो.

न्यायालयांनीही हा प्रश्न तपासला आहे. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या अनुच्छेद २३ ने मना केलेली वेठच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सांगितले होते. हेच सूत्र धरून अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये, प्राथमिक शाळेतील एका स्वयंपाकिणीच्या अर्जावर निकाल देताना, हजार रुपयांत हे काम करून घेणे ही वेठबिगारी ठरविली. त्यापूर्वी २०१३ साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने, अशा योजनांतील स्त्रियांस कामगार मानून किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. वेठ हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यास अपरिचित नाही. वेठीला धरलेल्या माणसास धान्य मिळे, भाकरी मिळे, परंतु किती मिळावे हे सांगण्याचा हक्क त्यास नसे. प्रश्न आजही त्या हक्काचाच आहे.

शिक्षकांनी काय करावे

मानधनाचा दर ठरविणे शिक्षकाच्या हाती नाही. परंतु ठरलेले मानधन वेळेवर आणि पुरते मिळणे पुष्कळ अंशी शाळेच्या दप्तरावर अवलंबून असते. त्या दृष्टीने पुढील गोष्टी मुख्याध्यापकांनी कटाक्षाने पाळाव्यात.

१. स्वयंपाकिणीची हजेरी रोजच्या रोज भरावी व महिनाअखेर मागणीपत्र विनाविलंब पंचायत समितीकडे पाठवावे. शाळेच्या दप्तरात एक दिवसाची दिरंगाई झाली, तर तिच्या घरी महिन्याची उधारी वाढते.

२. तिला मानधन किती, ते किती महिन्यांचे आणि कोणत्या आदेशाने, हे तिला समजेल अशा भाषेत सांगावे आणि लेखी द्यावे. बँकेत रक्कम जमा झाली की नाही, हे पासबुकावरून कसे पाहावे, तेही शिकवावे. अक्षरओळख नसलेल्या बाईस शाळेच्या आवारातच अक्षरे येऊ लागली, तर त्याहून उचित स्थान कोणते?

३. आहाराखेरीज अन्य कामे तिच्यावर लादू नयेत. वर्ग झाडणे, कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांचा चहा, कोणाच्या घरची निवडटिपण, ही कामे 'एवढे तेवढे' म्हणून सांगितली जातात आणि त्यांचा हिशेब कोठेही होत नाही. जेथे रोजच दीडशे रुपयांखाली पडतो, तेथे एक फुकट तासही थोडा नसतो.

४. पटसंख्येप्रमाणे जितक्या स्वयंपाकिणी असावयास हव्यात, तितक्या आहेत की नाहीत हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पाहावे आणि कमी असल्यास तसा ठराव करून पाठवावा. एकीच्या मानधनात दोघींचे काम होत असेल, तर कागदावरील दर कितीही वाढला तरी प्रत्यक्षात तो निम्माच राहतो.

५. मुलांनी तिला ताई, मावशी, काकू अशा मानाच्या नावाने हाक मारावी. शिक्षकांनीही मुलांसमोर तिला एकेरी हाक मारू नये. तिच्या हातचे जेवण्यास कोणी जातीवरून कुरकूर केली, तर शिक्षकाने त्या दिवशी मुलांच्या पंगतीस बसून जेवावे.

वरच्या वर्गांत गुणोत्तर, सरासरी व शेकडेवारी शिकविताना हाच विषय गणितासाठी घेता येईल. आपल्या शाळेत रोज किती तांदूळ शिजतो, किती ताटे होतात, एका ताटामागे स्वयंपाकाच्या श्रमाचे किती पैसे पडतात, हे मुलांनी काढावे. साठ मुले, दोन स्वयंपाकिणी आणि प्रत्येकीस दिवसाला १२५ रुपये धरले, तर एका ताटामागे चार रुपये सतरा पैसे येतात. त्यात पाणी, चूल, वाढणे आणि भांडी हे सर्व आले. हे उत्तर फळ्यावर आल्यानंतर मुले दुसरा प्रश्न आपण होऊन विचारतील : एवढ्यात तिच्या घरच्या चौघांचे भागते का? १९५७ च्या श्रम परिषदेची यादी त्या वेळी फळ्यावर लिहावी आणि अन्न, कापड, जागा व जळण यांचा आपल्या गावच्या भावाने हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा.